लाल दिवा नसलेली आग

विमानाच्या इंजिनाला आग लागली तर कॉकपिटमध्ये ते लगेच कळतं. लाल दिवा पेटतो, घंटा बंद करेपर्यंत वाजत राहते, समोरच्या पडद्यावर करायच्या कामांची यादी उमटते. सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग आमच्याकडून इतका घोटून घेतात की हात आपोआप योग्य जागी जातात. पण जमिनीवर, इंजिन सुरू करताना लागणारी एक आग अशी आहे की तिच्यासाठी कॉकपिटमध्ये ना दिवा आहे, ना घंटा. तिला टेलपाइप फायर म्हणतात; टेलपाइप म्हणजे गरम वायू बाहेर पडण्याची इंजिनाची मागची नळी. विमानाजवळ उभ्या असलेल्या इंजिनिअरला ती दिसते, पंखामागच्या खिडकीतल्या प्रवाशाला दिसते, शेजारून टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत, जाणाऱ्या दुसऱ्या वैमानिकालाही दिसते. ते इंजिन सुरू करणाऱ्या दोघांनाच तेवढी ती दिसत नाही.

मी सहवैमानिक असताना एका रात्री आमच्या उजव्या इंजिनातून अशा ज्वाळा निघाल्या. कुणालाही इजा झाली नाही. तरी उतरताना एका बाईंनी मला दारातच थांबवलं. कडेवर मूल होतं, आवाज थरथरत होता. “आम्हाला आग दिसत होती. तुम्ही आम्हाला बाहेर का नाही काढलंत?” मागे माणसं खोळंबली होती. उभ्या उभ्या सांगता आलं तेवढं मी सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं तर ती दोन-तीन मिनिटं सावकाश उलगडून सांगायला हवीत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी इंजिन सुरू कसं होतं ते. जेट इंजिनाला सुरुवातीला बाहेरून फिरवावं लागतं आणि त्यासाठी दाबाखालची हवा लागते. ती शेपटीत बसवलेल्या छोट्या इंजिनाकडून, म्हणजे एपीयूकडून येते. केबिनचा एसीही त्याच हवेवर चालतो, त्यामुळे इंजिन सुरू करताना तो थोडा वेळ थांबतो. पुशबॅकच्या, म्हणजे टग नावाच्या गाडीने विमान मागे ढकलण्याच्या, सुमारास वरून येणारी हवा अचानक बंद होते आणि विमान एकदम शांत होतं, ते यामुळे. हवेच्या दाबावर स्टार्टर फिरतो, स्टार्टर इंजिनाचा आतला गाभा फिरवतो. त्या गाभ्याच्या वेगाला आम्ही एन-टू म्हणतो; तो टक्क्यांत दिसतो. आमच्या विमानात एन-टू 16 टक्क्यांवर आला की ठिणगी सुरू होते, 22 टक्क्यांच्या आसपास इंधन सुटतं, आणि त्यानंतर काही सेकंदांत ते पेट घेऊन मागून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, म्हणजे ईजीटी, चढायला लागतं. 50 टक्क्यांवर स्टार्टर सुटतो. तिथून पुढे इंजिन स्वतःच्या जोरावर फिरतं. हे सगळं इंजिनावरचा संगणक पाहतो. मास्टर स्विच चालू करायचा, आकड्यांवर नजर ठेवायची आणि काही बिनसलं तर हात घालायचा, एवढंच आमच्याकडे उरतं.

त्या रात्री विमान पूर्ण भरलेलं होतं. पुशबॅक झाला, पार्किंग ब्रेक लावला. विमानाच्या नाकाखाली हेडसेट लावून उभ्या असलेल्या इंजिनिअरने “दोन नंबर क्लिअर” असं सांगितलं आणि कॅप्टननी उजव्या इंजिनाचा मास्टर चालू केला. एन-टू चढला, ठिणगी आली, इंधनाचा आकडा दिसू लागला. ईजीटी मात्र जागचा हलेना.

असं होतं कधीकधी. इंधन सुटल्यावर साधारण पंधरा सेकंदांत पेट घेतला नाही तर संगणक इंधन आणि ठिणगी दोन्ही तोडतो, नुसत्या हवेवर इंजिन फिरवून आतलं न जळलेलं इंधन बाहेर काढतो, आणि मग ठिणगी पाडणारे दोन्ही इग्नायटर लावून पुन्हा प्रयत्न करतो. तेच झालं. पडद्यावर सगळं क्रमाने उमटत होतं, आम्ही दोघं ते मोठ्याने वाचत होतो. कॅप्टननी इंजिनिअरला कळवलं, “पहिल्या प्रयत्नात पेटलं नाही, आपोआप दुसरा चाललाय, लक्ष ठेवा.” हे वाक्य नियमात सक्तीचं नाही. ते बोलले, आणि त्यामुळे पुढचे काही सेकंद त्या माणसाची नजर इंजिनाच्या मागच्या टोकावरच होती.

दुसऱ्या वेळी इंजिन पेटलं. ईजीटी नेहमीपेक्षा झपझप चढत होता, पण सुरू करतानाच्या 725 अंशांच्या मर्यादेपासून अजून लांब होता. एन-टू चाळिशीकडे चालला होता. मी मनातल्या मनात पुढच्या कामाकडे वळायला लागले होते, इतक्यात कानात आवाज आला.

“सर, टेलपाइपमधून ज्वाळा. दोन नंबर. मोठ्या आहेत.”

समोर पडद्यावर सगळं हिरवं. घंटा नाही, दिवा नाही, हादरा नाही. आकडे बघून कुणी म्हटलं असतं की इंजिन छान सुरू होतंय. या आगीचं हेच अवघड आहे. आग ओळखणारे सेन्सर इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या आत, इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले असतात. तिथे आग लागणं म्हणजे भलत्या जागी आग लागणं, म्हणून तिथे पहारा. टेलपाइपमधली आग असते ती गरम वायू एरवीही ज्या वाटेने जातात त्याच वाटेत. तिथे सेन्सर ठेवला तर तो रोजच ओरडत राहील. पहिल्या फसलेल्या प्रयत्नातलं थोडं इंधन आत कुठेतरी साचून राहतं आणि पुढच्या पेटण्याबरोबर भडका होऊन मागून बाहेर येतं. पंपाच्या स्टोव्हचा बर्नर न पेटता रॉकेल साचलं आणि मग काडी लावली की जे होतं, तेच हे, फक्त फार मोठ्या आकाराचं. मागून वारा असेल तर आणखी भर पडते, कारण बाहेर निघू पाहणाऱ्या वायूला तो आत ढकलतो. आमच्या मागून त्या रात्री वारा होता. जोराचा नव्हे, पण होता.

कॅप्टननी “दिसत तर काही नाही” वगैरे काहीही म्हटलं नाही. मास्टर बंद केला, मोठ्याने उच्चारला, मी दुजोरा दिला. बाहेरचा माणूस सांगतोय आणि आतले आकडे ते नाकारतायत, अशा वेळी आकड्यांवर विश्वास ठेवायचा मोह फार मोठा असतो. सगळं प्रशिक्षण आकड्यांवरच उभं असतं. त्यांना तो मोह एक सेकंदही झाला नाही, आणि माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा निर्णय तोच.

माझी नजर मात्र वर गेली. डोक्यावरच्या पॅनेलवर, झाकणाखाली, मोठं लाल फायर बटण असतं. ‘आग’ शब्द कानावर पडला की तिकडेच जायचं, हे अंगात मुरलेलं असतं. कॅप्टन शांतपणे म्हणाले, “फायर बटण नाही. टेलपाइप फायरची चेकलिस्ट काढ. मी बोलतो, तू कर.”

ते बटण का दाबायचं नाही, हे आमच्या पुस्तकात इशाऱ्यासकट छापलेलं आहे. दाबलं की इंधनाची मुख्य झडप बंद होते, हवा तुटते आणि इंजिनावरच्या संगणकाचा वीजपुरवठाही जातो. संगणक गेला की स्टार्टरने इंजिन फिरवता येत नाही. आणि ही आग विझवायचा खरा मार्ग तोच आहे: इंधन बंद, ठिणगी बंद, आणि नुसत्या हवेवर इंजिन गरगर फिरवायचं. आतून येणारा वारा उरलेलं इंधन आणि ज्वाळा दोन्ही बाहेर फेकून देतो. याला ड्राय क्रँक म्हणतात. आग विझवणारा वायू भरलेल्या बाटल्या प्रत्येक इंजिनाला असतात, पण तो वायू जातो आवरणाच्या आत, इंजिनाच्या बाहेरून. टेलपाइपमधल्या ज्वाळेपर्यंत तो पोचतच नाही. म्हणजे सगळ्यात लाल, सगळ्यात ठळक बटण दाबलं असतं तर आग तशीच राहिली असती आणि ती विझवायचं साधन आम्ही आपल्या हाताने तोडून टाकलं असतं.

मी चेकलिस्ट वाचत गेले. मास्टर बंद, झालं. एपीयूची हवा आहे, दाब ठीक आहे. बीकन, म्हणजे विमानाचा लुकलुकणारा लाल दिवा, चालू. मोड सिलेक्टर क्रँकवर. यापुढची पायरी हाताने स्टार्ट बटण दाबण्याची, पण स्टार्टरला एक अट असते. एन-टू 20 टक्क्यांच्या खाली आल्याखेरीज तो गुंतत नाही. जोरात फिरणाऱ्या गाभ्यात तो घुसला तर तुटेल. एन-टू होता तिशीच्या वर, आणि उतरत होता त्याच्या गतीने.

ते काही सेकंद अजून जसेच्या तसे आठवतात. बोट बटणावर, डोळे आकड्यावर. एकतीस. एकोणतीस. ईजीटी मास्टर बंद केल्यावर थोडा उतरला होता आणि मग अडकून बसला होता. इंधन तोडलेल्या इंजिनाचं तापमान असं अडकत नाही. आग खरी असल्याची आमच्याकडची पहिली आणि एकमेव खूण ती. सव्वीस. चोवीस.

ती फट कॅप्टननी वाया घालवली नाही. त्यांनी इंजिनिअरला नेमके तीन प्रश्न विचारले. ज्वाळा फक्त टेलपाइपमधूनच येतायत की आवरणाच्या बाहेर कुठे दिसतायत? पंखाला लागतायत का? खाली जमिनीवर इंधन आहे का, ते पेटलंय का?

आमची सगळ्यांची पुढची वाट या तीन उत्तरांवर होती. यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं असतं तर घसरगुंड्या उघडून विमान रिकामं करायचं होतं, क्षणाचाही विलंब न लावता. इंजिनिअरच्या हेडसेटची तार विमानाच्या नाकाशी जोडलेली असते. ती ताणेल तेवढी ताणून तो उजवीकडे सरकला, खाली वाकला. इंजिनाची आतली, विमानाच्या अंगाकडची बाजू त्याला तिथून दिसेना. पंखाच्या टोकाजवळ पुशबॅकच्या वेळी वाट मोकळी आहे का ते पाहणारा एक मदतनीस उभा होता, हातात दिव्याची कांडी घेऊन. इंजिनिअरने त्याला हाक मारली, खुणेने विचारलं, आणि त्याने दोन्ही हात आडवे करून ‘नाही’ अशी खूण केली. मग कानात आलं, “फक्त टेलपाइप, सर. आवरण स्वच्छ. पंखाला लागत नाहीये. खाली कोरडं आहे.”

वीस. एकोणीस. मी बटण दाबलं. स्टार्टरच्या हवेची झडप उघडल्याची खूण आली आणि एन-टू परत चढायला लागला.

हे सगळं चालू असताना मागे केबिनमध्ये काय होत होतं ते मला नंतर कळलं, पण ते इथेच सांगायला हवं, कारण तिथलं काम आमच्यापेक्षा अवघड होतं. उजव्या बाजूच्या मागच्या दहा-बारा रांगांना ज्वाळा थेट दिसत होत्या. रात्रीची वेळ, एसी बंद, दिवे मंद. खिडक्या नारिंगी झाल्या. कुणीतरी “आग! आग!” म्हणून ओरडलं आणि माणसं उठली. काहींनी वरचे कप्पे उघडून बॅगा ओढायला सुरुवात केली, काहींनी फोन काढून चित्रण. शेवटच्या दारापाशी असलेल्या केबिन क्रूने, नोकरीला लागून फार दिवस न झालेल्या मुलीने, एका नजरेत इंजिन पाहिलं आणि आम्हाला इमर्जन्सी कॉल लावला. कॉकपिटमध्ये लांब बझर वाजला. मी फोन उचलला तर ती एका दमात म्हणाली, “उजवं इंजिन, मागून ज्वाळा, केबिनमध्ये धूर नाही, माणसं उभी राहिली आहेत.” बाजू, जागा, धूर आहे की नाही, माणसांची अवस्था. मला हवं ते सगळं तिने सांगितलं, फाटा न फोडता.

कॅप्टननी माइक घेतला. आधी क्रूसाठी ठरलेली घोषणा: “अटेंशन, क्रू अॅट स्टेशन्स.” ती ऐकली की सगळे केबिन क्रू आपापल्या दारापाशी सज्ज होतात, उघडायचं नाही, पण पुढच्या शब्दाला उघडता यावं अशा तयारीत. लगेच प्रवाशांसाठी: “मी कॅप्टन बोलतोय. उजव्या इंजिनाच्या मागून ज्वाळा दिसत आहेत, आम्हाला ते माहीत आहे. इंधन बंद केलंय आणि हवा मारून त्या विझवतो आहोत. बसून राहा. दारं उघडू नका. गरज पडली तर बाहेर पडायला मीच सांगेन.”

‘ज्वाळा’ हा शब्द त्यांनी स्पष्ट उच्चारला, याचं मला फार महत्त्व वाटतं. अशा वेळी ‘थोडी तांत्रिक अडचण’ वगैरे गुळमुळीत बोलायची सवय पुष्कळांना असते. खिडकीतून आग दिसत असलेल्या माणसाला तांत्रिक अडचण सांगितली तर त्याला एकच कळतं, की पुढे बसलेल्यांना काहीच माहीत नाही. मग तो स्वतःच निर्णय घेतो. त्यांना जे दिसत होतं ते आम्हालाही माहीत आहे, एवढं कळल्यावर बरेच जण खाली बसले.

बरेच, सगळे नव्हेत. आमच्यासारख्या विमानात केबिन क्रूच्या जागा पुढे आणि मागे असतात. मधल्या पंखावरच्या दारांपाशी क्रू नसतो, तिथे प्रवासीच बसतात. उजवीकडच्या त्या रांगेतल्या एका माणसाने दाराच्या हँडलवरचं झाकण काढलं होतं. ते दार उघडलं असतं तर तो पंखावर उतरून पेटत्या इंजिनाच्याच बाजूला गेला असता, आणि त्याच्यामागे दहा जण गेले असते. मधल्या भागाची जबाबदारी असलेली क्रू सीटांच्या रांगांमधून वाट काढत तिथे पोचली, त्याच्या आणि दाराच्या मध्ये हात घातला आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “या बाजूने नाही. बाहेर आग आहे. माझ्याकडे बघा. बसा.” तो बसला. नंतर तिच्या हातावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

रिकामं करणं हा फुकटचा, सुरक्षित बाजूचा निर्णय असतो, अशी समजूत पुष्कळांची असते. तसं नाही. प्रवासी विमानाला मान्यता मिळवताना निम्मी दारं वापरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. हे करता येतं, आणि वेळ आली तर ते झालंच पाहिजे. पण घसरगुंडीवरून अंधारात, घाईत, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन उतरताना घोटे मोडतात, मनगटं मोडतात, माणसं एकमेकांवर पडतात. आणि बाहेर कुठलं इंजिन फिरतंय हे त्यांना माहीत नसतं. 28 ऑक्टोबर 2016 ला शिकागोत एका बोइंग 767 चं उजवं इंजिन उड्डाणासाठी धावताना फुटलं, त्या बाजूला मोठी आग लागली. बाहेर पडणं अटळ होतं आणि विमानातले सगळे 170 जण वाचले. पण डावीकडून माणसं बाहेर पडायला लागली तेव्हा डावं इंजिन अजून चालू होतं. त्याच्या झोताने एक प्रवासी खाली आपटला आणि गंभीर जखमी झाला. केबिनमधून कॉकपिटला फोन लावायचा प्रयत्न झाला होता, तो लागला नव्हता. त्या अपघाताच्या तपासातून पुढचे आणि मागचे यांच्यातल्या संवादावर बोट ठेवलं गेलं. आमच्या शेवटच्या दाराचा फोन पहिल्या झटक्यात लागला, याचं मोल मला म्हणून कळतं.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. 22 ऑगस्ट 1985 ला मँचेस्टरमध्ये बोइंग 737 च्या डाव्या इंजिनातला ज्वलनकक्ष धावपट्टीवर धावतानाच फुटला. त्याचा तुकडा पंखाखालच्या इंधन टाकीच्या झाकणावर आदळून टाकीला भोक पडलं. वैमानिकांना धप्प आवाज आला. टायर फुटला असेल किंवा पक्षी आदळला असेल असं त्यांना वाटलं. विमान थांबवून ते उजवीकडे वळले, आणि डावीकडून येणारा हलका वारा ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर घेऊन आला. 55 माणसं गेली, बहुतेक धुराने. तिथे जमिनीवर इंधन होतं, पंख पेटला होता. तिथे बसून राहा म्हणणं म्हणजे मरण. खिडकीतून पाहणाऱ्याला दोन्ही आगी सारख्याच दिसतात. कॅप्टनचे ते तीन प्रश्न या दोन आगींमधला फरक शोधण्यासाठी होते, आणि वाऱ्याची दिशाही त्यासाठीच विचारली होती. टॉवरशी बोलायचं काम माझ्याकडे आलं: इंजिनातून ज्वाळा, अग्निशमन दल हवं, आता बाहेर पडत नाही, वारा सांगा. वारा मागून होता, आडवा नव्हता. ज्वाळा विमानाच्या अंगावर येत नव्हत्या.

एक गोष्ट मात्र लगेच सांगायला हवी होती. अग्निशमनच्या गाड्या निघाल्या होत्या आणि आग दिसली की फवारा मारणं हे त्यांचं कामच आहे. पण आत फिरत्या इंजिनात फेस किंवा पावडर गेली तर ते आतून गंजून निकामी होऊ शकतं, म्हणून क्रँक करून आग विझली नाही तरच तो उपाय. मी टॉवरकरवी निरोप दिला: आम्ही क्रँक करतोय, जवळ येऊन थांबा, सांगितल्याशिवाय फवारा नको. गाड्यांचे निळे दिवे डावीकडून गोल फिरत आले आणि थोड्या अंतरावर थांबले. नळ्या रोखून तयार, पण थांबले.

कानात इंजिनिअर अखंड बोलत होता. कुणी तसं सांगितलं नव्हतं त्याला. “कमी होतायत. अजून आहेत. एक मोठी आली. कमी. आता नुसता धूर. पांढरा धूर. ज्वाळा नाहीत, सर. नाहीत.” इकडे ईजीटीचा आकडा खाली सरकू लागला होता, आधी जड, मग भराभर. आम्ही तरी लगेच थांबलो नाही. आणखी थोडा वेळ इंजिन फिरवत ठेवलं. मग बटण बंद, सिलेक्टर नॉर्मलवर, आणि इंजिनिअरला पुन्हा पाहायला सांगितलं. धूरही विरत होता.

कॅप्टननी दुसरी ठरलेली घोषणा केली, क्रू आणि प्रवाशांनी बसून राहण्याची. केबिन क्रूसाठी तिचा अर्थ एवढाच की दारं उघडायची तयारी सोडायची. मग त्यांनी प्रवाशांना पुन्हा साध्या भाषेत सांगितलं: आग विझली आहे, अग्निशमन दल पाहणी करतंय, आपण जिथून निघालो त्याच जागी परत जातोय आणि नेहमीच्या जिन्याने उतरतोय.

नंतर रेकॉर्डरवरून दिसलं की पहिल्या हाकेपासून ज्वाळा विझेपर्यंतचा सगळा मामला दोन मिनिटांच्या आतला होता. मला तो कितीतरी लांब वाटला होता.

पुढचं काम संथ आणि कागदी. अग्निशमनच्या माणसांनी उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने इंजिन तपासलं. टगने आम्हाला परत स्टँडवर ओढलं. प्रवासी पुढच्या डाव्या दाराने उतरले. तिथेच त्या बाई भेटल्या. कॉकपिटमधल्या बोलण्यावर नवं रेकॉर्डिंग चढून ते पुसलं जाऊ नये म्हणून रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर ओढला. ही छोटी गोष्ट विसरली तर नंतरच्या तपासात सगळे आठवणींवर बोलत बसतात. लॉगबुकात नोंद झाली. रात्रीतून इंजिनिअरांनी इंजिनाच्या आत बारीक कॅमेरा घालून पाती आणि ज्वलनकक्ष पाहिला. काही जळलं किंवा वाकलं नव्हतं. एक इग्नायटर झिजून कमजोर झाला होता. पहिल्या प्रयत्नात पेट न घेण्याचं कारण ते निघालं. आमच्या ड्यूटीचे तास संपत आले होते, तेव्हा प्रवाशांना दुसऱ्या विमानाने दुसरा क्रू घेऊन गेला.

पण घरी जाण्याआधी कॅप्टननी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. दोन वैमानिक, केबिन क्रू, आणि त्यांनी निरोप पाठवून बोलावून घेतलेले दोघं: हेडसेटवरचा इंजिनिअर आणि पंखाजवळचा मदतनीस. सहसा अशा बैठकीत जमिनीवरची माणसं नसतात. त्यांची शिफ्ट वेगळी, विभाग वेगळा. मदतनीस दाराशीच उभा राहिला. कॅप्टन उठले, त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, “सगळ्यात आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय दिसलं?” तो सांगायला लागला: आधी इंजिनाच्या मागून ओलसर धुरकट काहीतरी आलं, मग भडका झाला. ते धुरकट आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. ज्वाळांच्या कितीतरी आधी, पहिला प्रयत्न फसल्याबरोबर त्याला ते दिसलं होतं, पण हेडसेट त्याच्याकडे नव्हता आणि अशा वेळी कोणती खूण करायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या अहवालातली पहिली शिफारस त्याच्या या सांगण्यावरून लिहिली गेली: पहिला प्रयत्न फसला की पंखाजवळच्या माणसाने मागे काय दिसतंय ते इंजिनिअरला खुणेने कळवायचं, आणि ती खूण ठरवून सगळ्यांना शिकवायची. पुढे ती लागू झाली. आता इंजिन पहिल्यांदा पेटलं नाही की हेडसेटवर मी विचारते, “मागून काही निघतंय का?” आणि उत्तर येईपर्यंत मास्टर बंद करायच्या तयारीत राहते.